हजेरी आणि भक्ती

मराठीच्या मास्तराला एक खोड असते. शब्द दिसला की त्याचे कूळ-मूळ विचारल्यावाचून त्याला चैन पडत नाही. परवा लष्करातले शब्द घेऊन बसलो आणि मोठी मौज वाटली. 'फौज' अरबीतून आलेली. 'लष्कर' आणि 'शिपाई' फारसीतून. 'तोफ' तुर्कीतून. 'पलटण' इंग्रजीतून, तीही आपल्या शिपायांच्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेली. आणि 'सेनापती' थेट संस्कृतातून. निरनिराळ्या मुलखांतले, निरनिराळ्या धर्मांच्या लोकांनी वापरलेले हे शब्द आज मराठीत एका रांगेत, खांद्याला खांदा लावून उभे आहेत. 'तू कोणत्या देवाचा?' असे कोणी कोणाला विचारीत नाही.

शब्दांना हे साधले; कारण शब्दांना मन नसते. माणसांच्या पलटणीत मात्र प्रत्येक शिपाई आपले मन बरोबर घेऊन येतो. त्या मनात एखादा देव असतो, किंवा नसतो. आणि त्या मनाला कधीतरी काही बोलावेसेही वाटते. वर्दी चढवली म्हणजे या मनाचे काय होते? किती उरते, किती सरकारजमा होते? यंदा दिवाळी अंकासाठी हा विषय मी निवडला आहे. फराळाच्या ताटात हे कारले कशाला, असे कोणी वाचक म्हणतील. पण दिवाळीच्या ताटात पहिला मान कारिटाचा असतो, हे त्यांनी विसरू नये!

हा विषय मला सुचला तो आमच्या बीड जिल्ह्यात राहून. आमच्याकडे दिवाळी सरते न सरते तोच ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मागे राहिलेली पोरे आजीच्या हातची भाकरी खाऊन शाळा-कॉलेज करतात, आणि त्यांतली कितीतरी पहाटे पाचला रस्त्यावर धावताना दिसतात. ती हौसेने धावत नसतात. कोयता चुकवायचा तर 'भरती' हा एक मार्ग, हे त्यांना पक्के ठाऊक असते. २०२२ सालापासून अग्निपथ योजना आली. आता साडेसतरा वर्षांचा मुलगा चार वर्षांसाठी दाखल होतो, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाला पुढे कायम नोकरी मिळते. मिसरूड न फुटलेला मुलगा कागदावर सही करतो. उंची, छाती, धावण्याची वेळ यांची त्याला खडान्‌खडा माहिती असते. आपण सहीबरोबर काय देऊन टाकीत आहोत, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते. आम्ही मास्तरांनीही नाही.

तेव्हा आधी तेच पाहू.

आपल्या राज्यघटनेने नागरिकाला मूलभूत हक्क दिले. भाषणाचा, संघटनेचा, धर्माचरणाचा हक्क त्यात आला. पण त्याच प्रकरणात तेहेतिसावे कलम आहे. ते म्हणते की, सैन्यदलांतील आणि सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांतील लोकांचे हे हक्क कितपत मर्यादित करावयाचे, हे संसद कायद्याने ठरवू शकेल. १९८४ साली पन्नासाव्या घटनादुरुस्तीने या कलमाचा परीघ वाढवून गुप्तवार्ता आणि दूरसंचार यंत्रणांतले लोकही त्यात घेतले. मात्र या कलमाला दोन कड्या आहेत. एक म्हणजे मर्यादा घालावयाची ती संसदेने, कायद्याने. कोणा एका साहेबाच्या लहरीने नव्हे. आणि दुसरी, ती घालावयाची ती कर्तव्य नीट पार पडावे व शिस्त टिकावी एवढ्याचसाठी. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने लेफ्टनंट कर्नल पृथीपालसिंग बेदी यांच्या खटल्यात लष्करी कायद्यावरचे आक्षेप फेटाळले. पण त्याच निकालात, फौजेत गेला म्हणून माणूस घटनेच्या छत्राबाहेर जात नाही, हेही सांगितले. म्हणजे शिपाई हक्क गमावीत नाही. त्याच्या हक्कांना कात्री लागते, आणि ती कोठवर चालवावयाची त्याची रेघ कायद्याने आखायची असते.

आता ही रेघ बोलण्याच्या बाबतीत कोठे आहे? तेथे संशयाला जागाच ठेवलेली नाही. १९५० च्या लष्कर अधिनियमाचे एकविसावे कलम आणि त्याखाली १९५४ साली झालेले नियम स्वच्छ सांगतात. जवानाने राजकीय संघटनेत वा कामगार संघात जाऊ नये. राजकीय सभेत वा मिरवणुकीत भाग घेऊ नये. राजकीय प्रश्नावर किंवा नोकरीतल्या विषयावर वृत्तपत्रांना काही कळवू नये, लिहू नये, व्याख्यान देऊ नये. द्यावयाचेच तर आधी परवानगी घ्यावी. काळ बदलला तशी ही रेघ दूरध्वनीच्या पडद्यावरही येऊन पोचली. जुलै २०२० मध्ये लष्कराने फेसबुकसकट ८९ अ‍ॅप जवानांना व अधिकाऱ्यांना बंद केली. एका लेफ्टनंट कर्नलने दिल्ली उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दाद मागितली. ऑगस्टात ती नामंजूर झाली.

यात अन्याय आहे असे मला वाटत नाही. हाती बंदूक असलेल्या माणसाने राजकारणावर भाषणे देऊ लागणे म्हणजे काय, हे आपल्या शेजारी देशांत आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पाकिस्तानात १९५८, १९७७ आणि १९९९ साली सेनापतीच राज्यकर्ते होऊन बसले. आपल्याकडे सेनापती निवृत्त झाले की गोल्फ खेळतात, आठवणी लिहितात. या सुखाची किंमत जवानाने आपल्या जिभेने मोजलेली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी फौजेत हवालदार आहे. सुटीवर आला की भेटायला येतो. या लेखासाठी मी त्याला विचारले, "काय रे, पलटणीत देवाधर्माचे कसे काय असते? कोणाला जुलूम वाटतो का?"

तो हसला. म्हणाला, "सर, दुसरं काहीबी विचारा. ऊस विचारा, पोराची शाळा विचारा. ह्यावर मी बोलणार नाही."

"अरे, मी तुझे नाव थोडेच छापणार आहे?"

"नाव नाही छापलं तरी मी बोललो हे मला तर ठाऊक राहील की!"

मी गप्प बसलो. वर्गात याला निबंधाला चार ओळींच्या पुढे काही सुचत नसे. आज त्याने न बोलून जे सांगितले, ते मला वर्गात कधी शिकवता आले नसते.

पण याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करून चालणार नाही. जवानाचे तोंड बंद असते, म्हणून त्याचे गाऱ्हाणे संपते असे नाही. आपल्या महाराष्ट्रातच, नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत २०१७ साली जे घडले ते आठवा. अधिकाऱ्यांच्या घरी जवानांना सहायक म्हणून कुत्री फिरवणे, मुले शाळेत पोचवणे अशी कामे करावी लागतात, हे दाखवण्यासाठी एका वृत्तसंस्थेच्या महिला पत्रकाराने छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केले. फेब्रुवारीच्या अखेरीस ते प्रसिद्ध झाले. त्यात बोललेला केरळचा एक लान्सनाईक २ मार्च रोजी छावणीतील एका ओसाड बराकीत मृतावस्थेत सापडला. पत्रकार बाईंवर सरकारी गुपितांच्या कायद्याखाली आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. २०१९ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पत्रकार सुटल्या, ते योग्यच झाले. पण जो बोलला तो परत आला नाही. त्याने वृत्तपत्राकडे धाव घेतलेली नव्हती. त्याच्या मनातले त्याच्या नकळत चव्हाट्यावर आले, आणि त्या भाराखाली तो गेला. जवानाला बोलायला लावणाराने हा भार आपण वाहणार आहोत का, हे आधी स्वतःला विचारले पाहिजे.

त्याच वर्षी जानेवारीत लष्करप्रमुखांनी, तक्रार असेल तर ती आतल्या पेटीत टाका, समाजमाध्यमावर नको, असे जवानांना बजावले होते. बरोबर आहे. पण त्या पेटीची किल्ली ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच खिशात असता कामा नये, एवढे म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे. आपण वर्दीत नाही.

आणि गंमत पाहा. जवानाने स्वतः बोलावयाचे नाही. पण त्याच्या नावाने बोलण्याची मात्र बाकी सर्वांना मुभा! निवडणूक आली की पुढाऱ्यांच्या फलकावर रणगाडे आणि वर्दीतले चेहरे झळकतात. अखेर मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला, प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नका, अशी समज पक्षांना पुन्हा द्यावी लागली. ज्याने जीभ गहाण टाकली आहे त्याच्या तोंडात आपले शब्द घालणे, याला आमच्या गावाकडे सोज्वळ शब्द नाही.

हे झाले जिभेचे. आता देवाचे पाहू. तो प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि आमच्या मुलखाला तो नवा नाही.

आज आपण ज्याला अंबाजोगाई म्हणतो, त्या मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या गावाला निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद म्हणत. तेथे 'हैदराबाद कंटिन्जंट' या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. शिपाई इकडचे, अंमलदार इंग्रज, आणि १८५३ च्या तहानंतर खर्च वऱ्हाडच्या उत्पन्नातून, अशी तिची व्यवस्था होती. या फौजेचे मुख्य ठाणे सिकंदराबादजवळ बोलारमला होते. सप्टेंबर १८५५ मध्ये तेथे मोहरम चालू होता. ब्रिगेडियर कॉलिन मॅकेन्झी हा मोठा धर्मनिष्ठ ख्रिस्ती गृहस्थ. रविवारी मिरवणूक आणि वाजंत्री नको, असा हुकूम त्याने काढला. आपला पवित्र वार त्याने दुसऱ्यांच्या पवित्र दिवसांवर लादला. घोडदळातले लोक खवळले, मिरवणूक त्याच्या बंगल्याजवळ आली, हा अंगावर धावून गेला, आणि शिपायांनी आपल्याच ब्रिगेडियरवर तलवारीचे वार केले. तो जबर जखमी झाला, वाचला एवढेच. शिपायांचे कृत्य शिस्तीला काळिमा लावणारे होते यात वादच नाही. पण हुकूमही अविचाराचा होता, असेच वरच्या सरकारचे मत पडले.

त्याच्या आधी, जुलै १८०६ मध्ये मद्रास इलाख्यात वेल्लोरला हेच झाले होते. कपाळाला गंध नको, दाढी नको, आणि नव्या तऱ्हेचे पागोटे घाला, या हुकमांवरून शिपाई उठले आणि रक्ताचा सडा पडला. १८५७ ची काडतुसे तर शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहेत. तीन-तीन वेळा हात पोळल्यावर इंग्रज एक गोष्ट शिकला. शिपायाच्या देवाला हात लावावयाचा नाही. उलट त्या देवालाच पलटणीत भरती करून घ्यावयाचे! मग जातवार, धर्मवार पलटणी आल्या. पलटणीचे देऊळ, पलटणीचा गुरुद्वारा, पलटणीची मशीद आली. पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री आले. स्वतंत्र भारताने ही व्यवस्था बहुतांशी पुढे चालवली. धर्मशिक्षकांत बौद्ध भिक्षूंनाही जागा दिली. ज्याला उद्या मरायला जायचे आहे त्याला आज हात जोडायला जागा असावी, यात गैर काहीच नाही. लष्कर अधिनियमाच्या चौसष्टाव्या कलमाने तर कोणाचे पूजास्थान विटाळणे वा धर्मभावना जाणूनबुजून दुखावणे हा फौजेतला गुन्हा ठरवला आहे.

पण एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. बोलण्यावरच्या मर्यादा एकविसाव्या कलमात एक-दोन-तीन अशा मोजून लिहिल्या आहेत. त्या यादीत धर्माचे नाव नाही. म्हणजे जवानाच्या श्रद्धेला संसदेने उघड कात्री लावलेली नाही. तो प्रांत पलटणीच्या रिवाजावर आणि साहेबाच्या हुकमावर सोडला आहे. जेथे लिहिलेले नसते, तेथे भांडण न्यायालयात जाते.

अशी काही भांडणे गेली आहेत. आमच्या शेजारच्या जालन्याला राज्य राखीव पोलीस बलाचा एक शिपाई होता. ही फौज नव्हे, पण तेहेतिसाव्या कलमाच्या छत्राखालचे दल. २०१२ साली त्याला दाढी राखण्याची परवानगी मिळाली आणि काही महिन्यांतच ती काढूनही घेतली गेली. डिसेंबर २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्याच्याविरुद्ध निकाल लागला. प्रकरण दिल्लीला गेले. २०१७ साली सरन्यायाधीशांनी त्याला, सणाच्या काळापुरती दाढी ठेव आणि कामावर परत ये, असे सुचवले. आमच्या धर्मात तात्पुरती दाढी नाही, असे त्याच्या वकिलांनी सांगितले. त्याआधी, १५ डिसेंबर २०१६ रोजी, हवाई दलातल्या मुसलमान सैनिकांच्या दाढीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. ज्याच्या धर्मात केस कापणे वा दाढी करणे निषिद्धच आहे त्याला सवलत, असा हवाई दलाचा नियम. शीख त्यात बसतात. दाढी करणे इस्लामात निषिद्धच आहे असे मात्र सिद्ध झाले नाही, म्हणून हवाई दलाचा हुकूम कायम राहिला. गणवेश एकसारखा असण्याला अर्थ आहे, तो व्यक्तीच्या वेगळेपणाला थोडा वेळ बाजूला ठेवतो, हा युक्तिवाद मला पटतो.

सर्वांत बिकट प्रकरण लेफ्टनंट सॅम्युएल कमलेसन यांचे. हे ख्रिस्ती अधिकारी मार्च २०१७ मध्ये तिसऱ्या कॅव्हलरी रेजिमेंटमध्ये दाखल झाले. त्यांच्या हाताखालचे जवान शीख. रेजिमेंटमध्ये मंदिर होते, गुरुद्वारा होता. आठवड्याची धार्मिक परेड होई. कमलेसन यांचे म्हणणे असे की, मी जवानांबरोबर जातो, जोडे काढतो, लागेल तेव्हा पगडी बांधतो, अंगणात उभा राहतो. पण गाभाऱ्यात जाऊन पूजा-आरतीत भाग घेणे माझ्या श्रद्धेत बसत नाही, तेवढी सूट द्यावी. वरिष्ठांनी समजावले, इतर ख्रिस्ती अधिकाऱ्यांचे दाखले दिले, पाद्रीबाबांकडूनही सांगून पाहिले. ते आपल्या म्हणण्यावर राहिले. ३ मार्च २०२१ रोजी त्यांना निवृत्तिवेतनाशिवाय बडतर्फ करण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० मे २०२५ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२५ रोजी बडतर्फी कायम केली. त्यांनी आपला धर्म वरिष्ठांच्या कायदेशीर हुकमाच्या वर ठेवला आणि ही उघड बेशिस्त आहे, असा न्यायालयांचा अभिप्राय पडला.

निकाल आपल्या जागी आहे. तो सर्वांनी मानावयाचा. पण त्यावर विचार करू नये असे कोणी सांगितलेले नाही. प्राध्यापकाला विचार करण्याचाच पगार मिळतो!

लष्कराची बाजू हलकी नाही. अधिकारी म्हणजे कचेरीतला साहेब नव्हे. 'पुढे चला' असे तो म्हणत नाही, 'माझ्यामागे या' असे म्हणतो. जवान त्याच्यामागे जातो तो हा आपला आहे या एका विश्वासावर. तो विश्वास लंगरमध्ये, खेळाच्या मैदानावर आणि देवळाच्या पायरीवर तयार होतो. साहेब गाभाऱ्याच्या दाराशी थबकला, तर 'आमच्या देवात साहेबाला काय खटकले?' असा प्रश्न जवानाच्या मनात येऊ शकतो. हा प्रश्न युद्धात महाग पडतो.

हे सारे मान्य करूनही मला एक भेद करावासा वाटतो. हजेरी वेगळी आणि भक्ती वेगळी. हजेरी मागण्याचा फौजेला पुरा अधिकार आहे. जवानांबरोबर जा, अनवाणी हो, डोके झाक, मान राख, त्यांच्या सणात उभा राहा. हे कर्तव्य आहे, आणि जो ते टाळील त्याने फौजेत राहू नये. पण हात जोडणे, ओवाळणे, प्रसाद ग्रहण करणे हे मनातून यावयाचे असते. हुकमाने हात जुळतात. भक्ती जुळत नाही. आणि हुकमाने जोडलेले हात पाहून देवाला काय वाटत असेल, हे आम्हा वारकऱ्यांच्या मुलखातल्या लोकांना कोणी सांगावयास नको. पंढरपूरला चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. चोखोबांना इतरांनी बाहेर ठेवले. हा अधिकारी स्वतःहून बाहेर राहिला. दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि पहिली तर आमच्या समाजाचा कलंक आहे. पण एक धडा दोन्हींत सारखा आहे. उंबऱ्याच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावरून निष्ठेचे माप घेता येत नाही.

शाळेच्या बाबतीत आपल्या उच्च न्यायालयाने हा भेद केलेलाही आहे. नाशिकच्या एका शाळेत प्रार्थनेच्या वेळी एक शिक्षक आदराने उभे राहत, पण हात जोडीत नसत. शाळेने त्यांची वेतनश्रेणी अडवली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षकांच्या बाजूने कौल दिला. शाळा म्हणजे पलटण नव्हे, हे खरे. वर्गात शिक्षकाने हात न जोडल्याने कोणी मरत नाही. तरीपण हजेरी आणि भक्ती यांमधली रेघ आखता येते, एवढे त्यावरून दिसते. फौजेत ती थोडी अलीकडे आखावी लागेल. पण आखावी लागेल.

आणि फौजेलाही हा भेद परका नाही. रंगरूट शपथ घेतो तेव्हा पहिल्याच ओळीत त्याला निवड असते. ईश्वराच्या नावाने शपथ घे, नाहीतर गांभीर्याने प्रतिज्ञा कर. पुढचे सारे दोघांना सारखेच. जमिनीवरून, समुद्रातून, आकाशातून जेथे पाठवतील तेथे जाईन, जिवावर बेतले तरी हुकूम पाळीन. म्हणजे प्राण मागताना फौज पर्याय देत नाही, पण देव मानण्याबाबत देते! आपल्या दोन मराठमोळ्या रेजिमेंटांच्या युद्धगर्जना आठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीची गर्जना छत्रपती शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची, आणि महार रेजिमेंटची हिंदुस्थानच्या जयजयकाराची. एकीत राजा, दुसरीत देश. इतर पलटणी देवाचे नाव घेऊन तुटून पडतात, त्यांचेही शौर्य तेवढेच. पण देवाचे नाव न घेताही माणसे एकजीव होतात, हे आमच्या या दोन रेजिमेंटांनी दाखवून दिले आहे.

शेवटी एका माणसाची गोष्ट सांगतो. आर्देशीर बुर्झोरजी तारापोर, जातीने पारशी, जन्म १९२३ चा. त्यांनी सैनिकी पेशा सुरू केला तो निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या फौजेत. म्हणजे आमच्या मराठवाड्याच्या जुन्या सरकारच्याच चाकरीत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले आणि पुढे तारापोर पूना हॉर्समध्ये दाखल झाले. १९६५ च्या युद्धात ते त्या रेजिमेंटचे प्रमुख होते. फिलौराच्या आणि बुतूर-डोग्रांदीच्या रणगाड्यांच्या लढाईत जखमी होऊनही ते मागे आले नाहीत, आणि १६ सप्टेंबर रोजी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांना मिळाले. पडण्यापूर्वी त्यांनी आपल्या सहकाऱ्याला सांगून ठेवले होते की, मी मेलो तर माझे दहन येथेच, रणभूमीवर करा, आणि माझे प्रार्थनेचे पुस्तक माझ्या आईला द्या. तसेच झाले.

पारशी धर्मात अग्नी परम पवित्र. मृतदेह अग्नीला देणे परंपरेला मान्य नाही. तरी या माणसाने आपला देह आपल्या जवानांसारखा अग्नीला दिला, आणि प्रार्थनेचे पुस्तक मात्र अखेरपर्यंत जवळ बाळगले. पलटणीसाठी त्यांनी रिवाज सोडला. श्रद्धा सोडली नाही. पण हा निर्णय त्यांचा होता. समजा, वरून हुकूम आला असता की, पारशी अधिकाऱ्यांचे यापुढे दहनच होईल, तर तीच गोष्ट जुलूम ठरली असती, आणि आज आपण ती मान ताठ करून सांगितली नसती. माणूस स्वतःहून देतो तो त्याग. तेच हिसकावून घेतले की ती लूट होते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. संसदेने आणि लष्कराने ही रेघ कागदावर आखून द्यावी. धार्मिक परेडला हजेरी सक्तीची. पूजाविधीत हात घालणे ऐच्छिक. सर्व धर्मांना एका छपराखाली जागा देणारी सर्वधर्मस्थळे फौजेत आहेत, ती वाढवावीत. आणि भरतीच्या वेळी प्रत्येक मुलाला त्याच्या भाषेत चार ओळींत सांगावे की, बाबा रे, तू सही करतोस म्हणजे तुझी जीभ तू देशाला देतोस. तुझे मन मात्र तुझेच राहील.

हे काम जवान करू शकत नाही. त्याने मागणी केली तर ती बेशिस्त; आपण केली तर ते नागरिकत्व. दिवाळीत सीमेवरच्या जवानासाठी एक पणती लावा, असे आपण दर वर्षी एकमेकांना सांगतो. जरूर लावावी. पण ज्याने आपल्याला निर्धास्त बोलता यावे म्हणून स्वतः मौन पत्करले आहे, त्याच्या वाट्याचे चार शब्दही बोलून टाकावेत. तेवढे तेल आपल्या दिव्यात नक्की आहे.